ल्यों शहरातील जुन्या वास्तू आणि एक परभाषिक मंडळी



फ्रान्सची यात्रा म्हटली की आपल्या लोकांच्या तोंडी लूर्ड्स आणि पॅरिस ही दोनच नावे येतात. लूर्ड्सच्या गुहेपुढे मेणबत्ती लावायची, तिथले पाणी बाटलीत भरून घ्यायचे, पॅरिसला आयफेल टॉवरखाली फोटो काढायचा आणि परतायचे. ज्यांना आणखी दोन दिवस काढता येतील त्यांनी ल्योंला जावे, असे आम्ही सुचवू. पॅरिसहून वेगवान रेल्वेने हे शहर दोन तासांवर आहे. ज्यांना जाणे होणार नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांचे तसेच आहे, त्यांनीही या शहराची ओळख करून घ्यावी. आज ज्याला आपण फ्रान्स म्हणतो त्या भूमीवरच्या ख्रिस्ती मंडळीची सर्वांत जुनी लेखी हकिगत याच गावची आहे. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, वडोदरा अशा ठिकाणी राहून मराठीत उपासना करणाऱ्यांना ती वाचताना घरचेच काही वाचल्यासारखे वाटेल.

रोन आणि सोन या दोन नद्या जिथे एकत्र येतात तिथे ल्यों वसले आहे. इ. स. पू. 43 मध्ये प्लँकस नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सोन नदीच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर ही वसाहत स्थापली. तेव्हाचे नाव लुग्दुनुम. पुढे गॉल प्रांतांची ही जणू राजधानीच झाली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात ज्या क्लौद्य कैसराने यहूदी लोकांना रोम सोडून जायला लावले, आणि ज्याच्यामुळे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांची पौलाशी करिंथात गाठ पडली, तो क्लौद्य याच गावात इ. स. पू. 10 मध्ये जन्मला. टेकडीच्या उतारावर त्या काळचे मोठे नाट्यगृह आजही आहे. दहा हजार माणसे बसतील एवढ्या दगडी पायऱ्या, शेजारी दुसरे लहान नाट्यगृह. शतकानुशतके हे सारे मातीखाली होते. 1933 पासून उत्खनन सुरू झाले तेव्हा वर आले. उन्हाळ्यात तिथे आजही संगीताचे कार्यक्रम होतात. पर्यटक आधी इथेच येतात आणि ते योग्यही आहे. पण आपल्याला ज्या जागेविषयी बोलायचे आहे ती सोन नदीच्या पलीकडे, क्रुआ-रूस नावाच्या दुसऱ्या टेकडीच्या उतारावर आहे.

ती जागा पाहून प्रथम निराशा होण्याचा संभव आहे. तिला 'तीन गॉलांचे ॲम्फिथिएटर' म्हणतात. इ. स. 19 मध्ये, तिबिर्य कैसराच्या काळात, सेंत शहरच्या रूफस नावाच्या एका धनिकाने ते बांधून दिले. त्याच्या नावाचा शिलालेख 1958 मध्ये सापडला, म्हणून एवढे नक्की सांगता येते. दुसऱ्या शतकात ते वाढवून वीस हजार प्रेक्षकांचे केले गेले असे मानतात. आज त्यातला थोडाच भाग उरला आहे. रिंगणाचा एक तुकडा, काही पाये, वर गवत. बाकीचे रस्त्याखाली आणि घरांखाली गेले आहे. रिंगणाच्या मध्ये एक साधा खांब उभा आहे. त्यावर नक्षी नाही. पोप दुसरे जॉन पॉल 4 ऑक्टोबर 1986 रोजी इथे आले, वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या पुढाऱ्यांसह त्यांनी इथे प्रार्थना केली. हा खांब त्या वेळचा. इ. स. 177 मध्ये ज्यांनी प्राण दिले त्यांची ती खूण आहे.

त्या रक्तसाक्षींविषयी आपल्याला जे कळते ते एका पत्रातून कळते. ल्यों आणि जवळचे व्हिएन या दोन गावांच्या मंडळ्यांनी ते आशिया आणि फ्रुगिया इथल्या मंडळ्यांना लिहिले. युसेबियस या इतिहासकाराने आपल्या मंडळीच्या इतिहासात ते उतरून ठेवले म्हणून वाचले. पत्र ग्रीक भाषेत आहे. ल्योंच्या राजदरबारची भाषा लॅटिन, आजूबाजूच्या खेड्यांची भाषा केल्टिक. मग ग्रीक कोणाची? व्यापारासाठी, कामधंद्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या आशियातल्या माणसांची. मंडळीतला एक जण, अत्तलस, पर्गमचा. अलेक्झांडर नावाचा वैद्य फ्रुगियाचा. म्हणजे गावकऱ्यांच्या दृष्टीने ही बाहेरून आलेली, वेगळ्या भाषेत प्रार्थना करणारी, मूठभर माणसे होती. संकट आले तेव्हा त्यांनी पत्र लिहिले ते आपल्या मूळ मुलखातल्या भावंडांना. आपल्याकडेही मंडळीत कोणी गेले की पहिला फोन मिरजेला, कोल्हापूरला किंवा अहमदनगरला जातो, तसे.

छळ एका दिवसात सुरू झाला नाही. आधी त्यांना स्नानगृहांत यायची बंदी झाली, मग बाजारात. मग जमावाने मारहाण केली, दगड मारले. त्यानंतर चौकशी. काही ख्रिस्ती घरांतल्या गुलामांनी, जे स्वतः ख्रिस्ती नव्हते, छळाच्या भीतीने भलत्याच साक्षी दिल्या. हे लोक माणसाचे मांस खातात, आपसांत व्यभिचार करतात, असे. आधी ज्यांना थोडी सहानुभूती होती तेही मग उलटले. अफवेचे काम कसे चालते हे सांगायला दुसरा पुरावा नको. सम्राट मार्कस ऑरेलियस त्या काळचा मोठा तत्त्वचिंतक. त्याची पुस्तके आजही पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. त्याला विचारणा गेली. उत्तर आले: जे विश्वास नाकारतील त्यांना सोडा, बाकीच्यांना मारा.

सर्वांनीच धीर धरला असे पत्र म्हणत नाही, आणि म्हणूनच आमचा त्यावर विश्वास बसतो. सुरुवातीला दहाएक जणांनी नाकारले, आणि बाकीच्यांना स्वतःच्या मृत्यूपेक्षा याचेच दुःख जास्त झाले, असे त्यात सरळ नोंदले आहे. बिब्लिस नावाची स्त्री आधी नाकारून बसली, तिला आणखी छळले, तेव्हा ती भानावर आल्यासारखी झाली आणि परत आपल्या लोकांत उभी राहिली. बिशप पोथिनस नव्वदी ओलांडलेले होते. त्यांना श्वास घेणेही जड जात होते. जमावाने हाताला लागेल ते फेकून मारले, आणि दोन दिवसांनी तुरुंगात त्यांचा प्राण गेला. व्हिएनचा डीकन सँक्तस याला नाव विचारले, गाव विचारले, गुलाम की स्वतंत्र ते विचारले. प्रत्येक प्रश्नाला त्याने आपण ख्रिस्ती आहोत एवढेच उत्तर दिले, आणि तेही लॅटिनमध्ये, म्हणजे विचारणाऱ्याला नीट कळावे अशा भाषेत.

आणि ब्लँडिना. ती दासी होती. तिची मालकीणही विश्वासणारी, तीही पकडलेल्यांत होती. ब्लँडिनाची कुडी इतकी नाजूक होती की ती टिकणार नाही, घाबरून नाकारील, अशी मालकिणीला आणि इतरांनाही चिंता होती. घडले उलटे. पहाटेपासून सायंकाळपर्यंत पाळीपाळीने छळणारे थकले. एके दिवशी तिला खांबाला बांधून श्वापदांपुढे सोडले. त्यांनी तिला शिवले नाही. तिला तसे टांगलेले पाहून बाकीच्यांना त्या बहिणीच्या जागी क्रुसावरचा प्रभू दिसला, असे पत्र लिहिणाऱ्याने नोंदवले आहे. शेवटच्या दिवशी तिच्याबरोबर पोंतिकस नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. आईने मुलाला धीर द्यावा तसा तिने त्याला शेवटपर्यंत धीर दिला. तो गेल्यावर तिला जाळ्यात गुंडाळून बैलापुढे टाकले. प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटली. या लोकांना पुनरुत्थानाची आशा असते, तीही राहू नये म्हणून.

ब्लँडिनाच्या मालकिणीचे नाव पत्रात नाही. दासीचे आहे. रोमी काळातल्या कागदपत्रांत हे उलटे असते.

हे सगळे ज्या उत्सवात झाले तो कोणाचा होता, हेही कळले पाहिजे. क्रुआ-रूसच्या त्याच उतारावर रोम आणि औगुस्त कैसर यांची वेदी होती, इ. स. पू. 12 मध्ये अर्पण केलेली. दर वर्षी 1 ऑगस्टच्या सुमारास सर्व गॉल जमातींचे प्रतिनिधी तिथे जमत, कैसराला मान देत, आणि मग खेळ होत. वेदी कशी दिसे ते त्या काळच्या ल्योंच्या नाण्यांवर आहे: मध्ये वेदी, दोन्ही बाजूंना एकेक उंच स्तंभ, त्यांवर विजयदेवता. वेदी कधीच गेली. स्तंभांचे काय झाले?

त्यासाठी दोन नद्यांमधल्या सपाट भागात, एने नावाच्या वस्तीत, संत मार्टिनच्या चर्चमध्ये जावे लागते. 1107 मध्ये पोप दुसरे पास्काल यांनी त्याचा अभिषेक केला. ल्योंमधले हे फार जुन्या धाटणीचे, जाड भिंतींचे, ठेंगणे चर्च आहे, आणि या शहरातली आमच्या आवडीची वास्तू विचाराल तर हीच. वेदीच्या अलीकडे, जिथे आडवा आणि उभा भाग छेदतात, तिथे चार भक्कम ग्रॅनाइट स्तंभ घुमट पेलून उभे आहेत. मूळचे ते दोनच. मधोमध कापून त्यांचे चार केले. हे दगड इजिप्तमधून आलेले, आणि हेच कैसराच्या वेदीचे दोन स्तंभ असे पिढ्यान्‌पिढ्या मानले जाते. ज्या वेदीच्या उत्सवासाठी ब्लँडिनाला मारले, तिचे खांब आज पवित्र मिस्साच्या वेदीवर छत धरून उभे आहेत. याच चर्चला लागून एक जुने लहान प्रार्थनाघर आहे. ते संत ब्लँडिनाच्या नावाचे आहे. बांधणाऱ्यांनी काही मोठा अर्थ मनात धरून हे केले की चांगला दगड फुकट मिळाला म्हणून, कोण जाणे. गवंड्याला दगड दिसतो. आपल्यासारख्याला इतिहास दिसतो.

पोथिनसनंतर बिशप झाले ते इरेनियस. ते स्मुर्णाचे. लहानपणी त्यांनी पॉलिकार्प यांना ऐकले होते, आणि पॉलिकार्प यांनी प्रेषित योहानाला. म्हणजे प्रभू येशूपासून ल्योंपर्यंत मोजून तीन माणसांचे अंतर. छळाच्या वेळी ते मंडळीचे पत्र घेऊन रोमला गेले होते, म्हणून वाचले. पाखंडी मतांविरुद्ध त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या आरंभी वाचकाकडे एक सवलत मागितली: केल्टांमध्ये राहून, त्यांच्याच बोलीत दिवस काढून आपली भाषा पूर्वीसारखी राहिली नाही, तेव्हा शब्दसौष्ठवाची अपेक्षा धरू नये. सीमाभागातल्या ज्या मराठी माणसाला पुण्याच्या पाहुण्याने कधी भाषेवरून टोकले असेल त्याने हे लक्षात ठेवावे. त्या बिघडलेल्या ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या बिशपला पोप फ्रान्सिस यांनी 2022 मध्ये ख्रिस्तसभेचा आचार्य ठरवले, आणि पदवी दिली ती 'ऐक्याचा आचार्य' अशी. पाश्चा सणाच्या तारखेवरून रोम आणि आशिया यांच्यात तुटेपर्यंत ताणले गेले होते, तेव्हा यांनीच मध्ये पडून समजूत घातली होती. त्यांच्या नावाचे चर्च फुर्व्हिएर टेकडीच्या मागच्या अंगाला आहे, खाली प्राचीन तळघर आहे. त्यांचे अवशेष मात्र तिथे नाहीत. 1562 मध्ये धर्मयुद्धाच्या धुमाळीत ते विखुरले गेले.

त्या 1562 च्या खुणा शहराच्या मुख्य कॅथेड्रलवरही आहेत. संत योहान बाप्तिस्ताचे हे कॅथेड्रल टेकडीच्या पायथ्याशी, सोन नदीकाठच्या जुन्या ल्योंमध्ये आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू झाले आणि 1480 पर्यंत चालले. तीनशे वर्षे! त्यामुळे मागचा भाग रोमनेस्क, पुढचा गॉथिक. दर्शनी दरवाजांच्या खालच्या बाजूला दगडात कोरलेले छोटे छोटे चौकोन आहेत, अडीचशेहून अधिक. उत्पत्तीच्या कथा, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची कथा, वर्षातले महिने आणि त्या त्या महिन्यातली शेतीची कामे. हातात वेळ असेल तर तासभर तिथेच जातो. वर मात्र कोनाडे रिकामे आहेत. प्रोटेस्टंट सैन्याने शहर घेतले तेव्हा पुतळे फोडून टाकले. आत खगोलीय घड्याळ आहे, जवळजवळ नऊ मीटर उंच. 1383 मध्ये त्याचा पहिला उल्लेख सापडतो. तेही त्या वर्षी मोडले, पुढे दुरुस्त झाले, क्रांतीत पुन्हा मोडले.

याच कॅथेड्रलमध्ये दोन विश्वपरिषदा भरल्या. 1245 ची पोप चौथे इनोसंट यांची. तीत सम्राट दुसरा फ्रेडरिक याला पदच्युत केल्याची घोषणा झाली. 1274 ची पोप दहावे ग्रेगरी यांची. तीत पूर्वेकडची ग्रीक ख्रिस्तसभा आणि रोम यांचा समेट झाला. त्या वेळच्या उपासनेत शुभवर्तमान आणि विश्वासांगीकार लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत म्हटले गेले. ब्लँडिनाच्या मंडळीची भाषा अकराशे वर्षांनी त्या गावात अशी पुन्हा ऐकू आली. समेट टिकला नाही. परिषद चालू असतानाच संत बोनाव्हेंचर ल्योंमध्ये वारले. संत थॉमस अक्विनास तर या परिषदेला निघाले असता वाटेतच गेले. (जाता जाता: संत फ्रान्सिस डी सेल्स, ज्यांच्या नावाने नागपूरचे कॉलेज आपण ओळखतो, तेही 1622 मध्ये ल्योंमध्येच वारले.)

पुतळे फोडल्याबद्दल आपण कॅथलिक लोक दुसऱ्यांना बोल लावू, त्याआधी याच शहरातल्या वाल्डो नावाच्या व्यापाऱ्याची आठवण ठेवावी. त्याची मोठी इमारत नाही, म्हणून पर्यटकांच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा नसते. 1170 नंतरच्या वर्षांत या श्रीमंत माणसाने शुभवर्तमाने लोकांच्या बोलीत उतरवून घेतली, आपली मालमत्ता वाटून टाकली आणि रस्त्यावर प्रभूचे वचन सांगू लागला. मागे अनुयायी जमले. त्यांना 'ल्योंचे गरीब' म्हणत. पोपनी त्यांच्या दारिद्र्यव्रताला मान दिला, पण पाद्र्यांच्या परवानगीवाचून उपदेश करू नये असे बजावले. त्यांना ते मानवले नाही. आर्चबिशपनी शहराबाहेर काढले, 1184 मध्ये बहिष्काराची शिक्षा झाली. आल्प्सच्या खोऱ्यांत ते टिकून राहिले, पुढे सुधारणावादी मंडळ्यांत सामील झाले, आणि मधल्या काळात त्यांनी कत्तलीही सोसल्या. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस तुरीन शहरातल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरात गेले आणि कॅथलिक ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली. आठशे वर्षांपेक्षा जास्त काळ लागला.

लोकांच्या भाषेत वचन द्यावे की नाही, हा वाद आपल्याकडेही झालाच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात रायतूरला मराठीत छापले गेले, आणि 1684 मध्ये त्याच गोव्यात पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूम काढला. ल्योंच्या गल्ल्यांतून हिंडताना वाल्डोचे स्मारक शोधत बसण्यापेक्षा एवढे मनात आणले तरी पुरे.

रोन नदीच्या काठी ओतेल-दिय ही भव्य इमारत दिसते, तीनशे मीटरहून लांब. मध्ययुगापासून इथे वाटसरूंचे आणि गोरगरिबांचे रुग्णालय होते. लेखक राबले 1532 मध्ये इथे वैद्य होता. आजचा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, वास्तुकार सूफ्लो याचा. 2010 मध्ये रुग्णालय बंद झाले. आता तिथे महागडे हॉटेल आणि दुकाने आहेत. इमारत वाचली, दुरुस्तीही सुरेख झाली आहे. तरीही ज्या दारातून आजारी भिकारी आत नेले जात त्याच दारात सामानाच्या ट्रॉल्या पाहून आम्हाला बरे वाटले नाही, एवढे लिहून पुढे जातो.

शहरात कुठेही उभे राहिले तरी पश्चिमेच्या टेकडीवर जे पांढरे मंदिर दिसते ते फुर्व्हिएरचे मरियामातेचे बॅसिलिका. कॅथेड्रलजवळून दोरखंडाची रेल्वे वर जाते. या टेकडीवर मरियामातेचे छोटे देवालय बाराव्या शतकापासून आहे. 1643 मध्ये प्लेगच्या साथीत नगरपालांनी नवस केला की साथ हटली तर दर वर्षी 8 सप्टेंबरला, मातेच्या जन्मदिनी, मेणबत्त्या आणि सोन्याचे एक नाणे घेऊन आम्ही वर येऊ. तो प्रघात आजही चालू आहे. मोठे बॅसिलिका नंतरचे. 1870 च्या युद्धात प्रशियाचे सैन्य ल्योंवर येईल अशी धास्ती होती. शहर वाचले तर मंदिर बांधू, असा आर्चबिशपनी नवस केला. सैन्य आले नाही. 1872 मध्ये पाया घातला गेला, 1896 मध्ये अभिषेक झाला, आतले काम तर 1964 पर्यंत चालले. वास्तुकार प्येर बोसाँ. आत भिंतभर मोझेक, सोनेरी छत, संगमरवर. बाहेर चार कोपऱ्यांना चार मनोरे, त्यामुळे गावकरी गमतीने त्याला उताणा पडलेला हत्ती म्हणतात. पैसा सरकारचा नव्हता, भाविकांचा होता. आम्हाला विचाराल तर एवढ्या झगमगाटात प्रार्थनेला मन लागत नाही. बाहेरच्या गच्चीवरून दिसणारे शहर आणि दोन नद्या पाहूनच अधिक लागते. पण आवडीनिवडीचा प्रश्न आहे.

शेजारच्या जुन्या देवालयाच्या मनोऱ्यावर मरियामातेचा सोनेरी पुतळा आहे. शिल्पकार फाबिश. त्याचे उद्घाटन 8 सप्टेंबर 1852 ला व्हायचे होते, पण सोन नदीला पूर येऊन शिल्पकाराचे काम अडले. म्हणून 8 डिसेंबर, निष्कलंक गर्भसंभवाचा सण, धरला. त्या दिवशीही वादळ आले. आतषबाजी रद्द करायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ मोकळे झाले, आणि कोणी हुकूम न देता लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. सारे शहर उजळले. दर वर्षी 8 डिसेंबरला ल्योंच्या घरांत आजही त्या रंगीत काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या लागतात. आपल्याकडे दारात पणत्या लावतात त्याचीच आठवण येते. आता त्याभोवती सरकारी दिव्यांचा मोठा उत्सव झाला आहे, लाखो लोक येतात, खोल्या मिळत नाहीत. शांतपणे पाहायचे असेल त्याने ती तारीख टाळावी.

हाच फाबिश पुढे लूर्ड्सच्या गुहेतल्या मूर्तीचाही शिल्पकार झाला. 1864 मध्ये ती बसवली. बर्नादेतला ती पाहून समाधान झाले नाही, तिने पाहिलेली बाई अशी नव्हती. पण जगाने तीच मूर्ती स्वीकारली. आपल्या चर्चच्या आवारात, दगडांच्या कृत्रिम गुहेत, निळा कमरपट्टा बांधून जी माता उभी असते तिचा साचा असा एका ल्योंकर शिल्पकाराच्या हातचा आहे.

आता शेवटी पुन्हा क्रुआ-रूसवर. फुर्व्हिएरला ल्योंमध्ये प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि क्रुआ-रूसला काम करणारी. इथे रेशीम विणणारे राहत. त्यांना कान्यू म्हणतात. ल्योंचा झाकार याने 1804 च्या सुमारास जो माग तयार केला तो इतका उंच होता की त्याच्यासाठी चार-चार मीटर उंचीच्या खोल्यांची घरे बांधावी लागली. ती सरळसोट, मोठ्या खिडक्यांची घरे आजही रांगेने उभी आहेत. एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर घरांच्या पोटातून जाणारे बोळ आहेत, त्यांना त्राबूल म्हणतात. नदीकाठच्या जुन्या ल्योंमधले बोळ अधिक जुने आहेत. कापडाचे गठ्ठे पावसात न भिजता न्यायला विणकरांना ते सोयीचे पडत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना चुकवणाऱ्यांनी तेच वापरले. दार ढकलून आत जाता येते, पण आत लोक राहतात, तेव्हा आवाज करू नये. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम आणि मजुरी तुटपुंजी, म्हणून 1831 आणि 1834 मध्ये विणकरांनी उठाव केले. दोन्ही मोडले गेले, दुसरा फार रक्तपाताने.

या टेकडीवरच्या मजूर बायांच्या सौंने आपल्याही देशात काम केले आहे. पोलिन जारिको 1799 मध्ये ल्योंमधल्या रेशमाच्या कारखानदाराच्या घरी जन्मली. भाऊ धर्मगुरू होण्यासाठी पॅरिसला शिकत होता. आशियातल्या मिशनांची हलाखी तो पत्रांतून कळवी. हिने कामगारांमध्ये वर्गणी सुरू केली. आठवड्याला एक सौं. सौं म्हणजे त्यांच्याकडचा पैसा, किरकोळ नाणे. एकीने दहा जणी जमवायच्या, दहांच्या दहा गटांनी मिळून शंभर, शंभरांचे मिळून हजार. प्रत्येक दहाजणींची एक प्रमुख, तिने सौं गोळा करायचे. 3 मे 1822 रोजी यातून श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या आणि आशियातल्या मिशनांना पैसा जाऊ लागला, हिंदुस्थानातल्या मिशनांनाही. 1922 मध्ये संस्था रोमच्या छत्राखाली गेली. 1926 पासून ऑक्टोबरमधल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जो मिशन संडे आपण पाळतो, ज्याची पाकिटे आमच्यासारखे स्वयंसेवक बाकांवर ठेवत फिरतात आणि ज्यात कोणी पाचशेची नोट घालतो, कोणी आजी पदराच्या गाठीतले दहा रुपये, ते दान जगभरातून याच संस्थेकडे जाते. पोलिननेच 1826 मध्ये 'जिवंत रोझरी'ही सुरू केली. पंधरा जणींनी रोज एकेक रहस्य वाटून घ्यायचे.

पुढे तिची वाताहत झाली. कामगारांना माणसासारखे वागवणारा कारखाना काढावा म्हणून तिने पैसे गुंतवले, भामट्यांनी ते गिळले. ज्यांनी विश्वासाने ठेवी दिल्या होत्या त्यांचे फेडण्यात तिचे उरलेले आयुष्य गेले. संस्थेची स्थापना कोणी केली यावरही वाद घातला गेला, आणि श्रेय दुसऱ्यांना दिले गेले. फुर्व्हिएरच्या उतारावरच्या आपल्या घरात ती 9 जानेवारी 1862 रोजी वारली, तेव्हा शहराच्या निराधारांच्या यादीत तिचे नाव होते. ते घर अजून आहे, पाहता येते. 22 मे 2022 रोजी ल्योंमध्येच तिला धन्यवादित घोषित करण्यात आले.

तिची कबर दोन नद्यांमधल्या भागात, संत निझिएच्या चर्चमध्ये आहे. हे चर्च ओळखायला सोपे: दोन शिखरे आहेत आणि दोन्ही वेगळी, एक विटांचे आणि एक दगडी. पोथिनसनी आपली पहिली वेदी याच जागी मांडली होती अशी जुनी समजूत आहे. भोवती बाजारपेठ आहे, दार दिवसभर उघडे असते, आणि खरेदीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आत येऊन दोन मिनिटे बसून जातात.